नळीच्या टोकावरचा तुकडा आणि कायद्याची नव्वद वर्षे

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली यांवरील केंद्रीय कर शून्यावर आला. १९३४ मध्ये लागू झालेला हा २०० डॉलरचा कर ९१ वर्षे एका डॉलरनेही वाढला नाही वा घटला नाही. मात्र कर रद्द झाला असला तरी शस्त्राची नोंदणी, अर्जदाराच्या बोटांचे ठसे, छायाचित्र आणि पार्श्वभूमीची तपासणी या अटी कायम आहेत. कर उरला नाही तर केवळ नोंदणीची सक्ती घटनेत बसते काय, हा प्रश्न आता अमेरिकेच्या न्यायालयांपुढे आहे.

वरवर पाहता हा तांत्रिक वाद वाटतो. रायफलीच्या नळीच्या तोंडावर आट्यांवर बसवला जाणारा बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, तो घरी पान्याने फिरवून काढावा की काढू नये, काढल्यास गुन्हा होतो की नाही, याची चर्चा त्या देशात अनेक दशके चालू आहे. अमेरिकेत कोट्यवधी घरांत बंदुका आहेत. तिचे सुटे भाग दुकानात मिळतात, टपालाने घरी येतात आणि बहुतेक भाग बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे घरातल्या कामाच्या टेबलावर होणारा लहानसा बदल हाच शस्त्रनियंत्रणाच्या कायद्याचा खरा कस ठरतो. शस्त्राचा धोका त्याच्या एकेका भागावरून मोजायचा, की ते कोणाच्या हाती आहे यावरून, हा या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

तुकडा एक, कामे निरनिराळी

काडतुसातील दारू पेटली की तयार होणाऱ्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे ढकलली जाते. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागचा तप्त वायूही मोठ्या दाबाने बाहेर येतो. नळी आखूड असेल तर सर्व दारू नळीतच जळून संपत नाही. उरलेले तप्त वायू बाहेरच्या हवेत मिसळताच ज्वाळा दिसते. या वायूला कोणती वाट द्यायची, एवढेच नळीच्या टोकावरील उपकरण ठरवते.

अशा उपकरणांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. फ्लॅश हायडर अथवा ज्वालारोधक वायूला फाटे फोडून ज्वाळा लहान करतो. त्याचा उपयोग प्रामुख्याने अंधारात नेम धरणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून होतो. मझल ब्रेक वायूला बाजूला वा किंचित मागे वळवून खांद्याला बसणारा धक्का कमी करतो. कॉम्पेन्सेटर वायू वरच्या दिशेने सोडून नळीचे तोंड उचलले जाण्यास अटकाव करतो. चौथा प्रकार सायलेन्सरचा. तो वायूला आतल्या कप्प्यांत अडवून हळूहळू बाहेर सोडतो आणि आवाज कमी करतो. पहिल्या तिन्ही प्रकारांत आवाज कमी होत नाही. उलट मझल ब्रेक लावलेल्या रायफलीचा आवाज नेमबाजाला आणि शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला अधिक जाणवतो. प्रत्यक्षात एकच तुकडा दोन कामे थोडी थोडी करतो, असेही पुष्कळदा घडते आणि कायद्याची अडचण तेथूनच सुरू होते.

या उपकरणांचा उगम लष्करी गरजेत आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याला मिळालेल्या एम-१६ रायफलीच्या टोकावर सुरुवातीला तीन उघड्या बोटांसारखा ज्वालारोधक होता. जंगलातील वेली आणि फांद्या त्यात अडकत असल्याने पुढे त्याचे टोक बंद करण्यात आले आणि पिंजऱ्यासारखा दिसणारा नवा आकार रूढ झाला. सोव्हिएत संघाने १९५९ च्या एकेएम रायफलीला तिरका कापलेला कॉम्पेन्सेटर दिला, तर १९७४ च्या एके-७४ वर मोठा मझल ब्रेक बसवला. सैनिकांच्या सोयीसाठी आलेले हे भाग पुढे नागरी बाजारातील रायफलींवरही आले आणि त्यांच्यासोबत कायद्याचे प्रश्नही.

सोळा इंचांची मोजपट्टी

दारूबंदीच्या काळात टोळ्यांच्या हाणामाऱ्यांनी अमेरिका हादरली होती. त्या पार्श्वभूमीवर जून १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय बंदूक कायद्यावर स्वाक्षरी केली. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर यांच्या निर्मितीवर व हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर बसला आणि प्रत्येक शस्त्राची नोंद सक्तीची झाली. त्या काळी २०० डॉलर ही रक्कम बहुतेक बंदुकांच्या किमतीहून अधिक होती. नावाने कर असला तरी तिचा परिणाम बंदीसारखाच होता.

या कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. पिस्तुलावर कर लागला तर लोक रायफलीची नळी कापून तिचेच पिस्तूल करतील, या भीतीने आखूड रायफलीचे कलम घालण्यात आले होते. पुढे विरोधामुळे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, परंतु त्यांच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण मात्र तसेच राहिले. परिणामी खिशात लपवता येणारे पिस्तूल या कायद्याच्या बाहेर राहिले आणि त्याहून कितीतरी लांब असलेली रायफल मात्र नळी ठरावीक मापापेक्षा आखूड असल्यास कायद्याच्या कक्षेत आली. रायफलीसाठीचे हे माप आरंभी १८ इंच होते आणि १९६० मध्ये ते १६ इंच झाले.

नळीच्या टोकावरील उपकरणाला महत्त्व आले ते या मोजपट्टीमुळे. अंमलबजावणी करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय यंत्रणेच्या नियमानुसार आट्यांवर बसवलेले, सहज निघणारे उपकरण नळीच्या लांबीत धरले जात नाही. ते वेल्डिंगने, उच्च तापमानाच्या चांदीच्या डागाने किंवा आत खीळ ठोकून तिचे डोके वरून वेल्ड करून कायमचे बसवले असेल, तरच ते नळीचा भाग मानले जाते. लष्कराच्या एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंचांची आहे. तशीच नळी हवी असणारे नागरी ग्राहक तिच्यावर लांब उपकरण कायमचे बसवून घेतात आणि १६ इंचांची अट पूर्ण करतात.

आता अशा रायफलीचा मालक घरी हे उपकरण बदलू पाहतो, असे समजा. नळी स्वतःच १६ इंच असेल तर केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने हे काम दाराची कडी बदलण्याइतके किरकोळ आहे. परंतु नळी साडेचौदा इंचांची असेल, तर वेल्ड घासून जुना तुकडा वेगळा होताच त्याच्या हातातील वस्तू नोंद नसलेली आखूड रायफल ठरते. त्यासाठी १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नवा तुकडा पाच मिनिटांनी बसवायचा होता, हा खुलासा कायद्याला पुरेसा नाही. दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही फरक चटकन सांगता येणार नाही. दीड इंच पोलादाने एकाला निर्दोष ठरवायचे आणि दुसऱ्याला गुन्हेगार, यामुळे सार्वजनिक सुरक्षिततेत काय भर पडते, हे सांगणे कठीण आहे.

१९९४ ची बंदी

भागांवर आधारलेल्या नियंत्रणाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेने १९९४ मध्ये केला. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने १३ सप्टेंबर १९९४ रोजी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या नव्या निर्मितीवर दहा वर्षांची बंदी आली. काही रायफली नावानिशी बंद झाल्या. उरलेल्यांसाठी वैशिष्ट्यांची यादी केली गेली. सुटे मॅगझिन लागणाऱ्या रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची सोय, ज्वालारोधक किंवा तो बसवण्यासाठी पाडलेले आटे आणि ग्रेनेड सोडण्याची सोय, यांपैकी दोन गोष्टी असतील तर ती बंदीच्या कक्षेत येई.

उद्योगाने या यादीतून लवकरच वाट काढली. संगीनीची सोय काढली, नळीवरचे आटे काढले किंवा ज्वालारोधकाऐवजी मझल ब्रेक पक्का बसवला की तीच रायफल पुन्हा कायदेशीर होई. गोळी तीच, तिचा वेग तोच आणि चाप ओढण्याची गतीही तीच. या कायद्याने दहापेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझिनवरही बंदी घातली होती. मात्र बंदीपूर्वी तयार झालेली असंख्य मॅगझिन बाजारात खुलेपणाने मिळत राहिली. न्याय खात्याच्या आर्थिक साहाय्याने ख्रिस्तोफर कोपर यांनी केलेला मूल्यमापनाचा अहवाल २००४ मध्ये आला. त्या काळात बंदुकांच्या हिंसाचारात झालेल्या घटीचे श्रेय या बंदीला स्पष्टपणे देता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १३ सप्टेंबर २००४ रोजी बंदीची मुदत संपली आणि तिला मुदतवाढ मिळाली नाही.

तरीही यादीची ही पद्धत काही राज्यांनी स्वीकारली आणि अधिक कडक केली. कॅलिफोर्नियात २००० सालापासून दोनाऐवजी एकच वैशिष्ट्य पुरेसे ठरते. तेथे सुट्या मॅगझिनच्या अर्धस्वयंचलित रायफलीवर ज्वालारोधक चालत नाही, मझल ब्रेक चालतो. ज्वाळा जाणवण्याइतकी कमी करणारे किंवा नेमबाजाच्या नजरेपासून वळवणारे उपकरण ज्वालारोधक ठरते. साहजिकच दोन्ही गुण थोडेथोडे असलेले उपकरण विकत घेणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. वेष्टनावर काय छापले आहे हे पाहायचे, की अंधारात गोळी झाडून ज्वाळा किती दिसते हे पाहायचे?

एका अक्षराचा खटला

न्यूयॉर्कमध्ये हा गोंधळ भाषेपर्यंत पोहोचला. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ गोळीबारात मरण पावले. त्यानंतर महिनाभरातच, १५ जानेवारी २०१३ रोजी, न्यूयॉर्कचे तत्कालीन राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी नव्या शस्त्रकायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील निषिद्ध वैशिष्ट्यांच्या यादीत ज्वालारोधक, कॉम्पेन्सेटर यांच्यासोबत मझल ब्रेकचेही नाव होते. मात्र घाईत तयार झालेल्या या मसुद्यात ब्रेक या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन चुकले. रोखणारा ब्रेक लिहिण्याऐवजी मोडणे या अर्थाचा ब्रेक लिहिला गेला. मराठीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे ही चूक देवनागरीत दिसतही नाही. इंग्रजीत मात्र अर्थ पार बदलला आणि अस्तित्वात नसलेल्या वस्तूवर बंदी आली.

बंदूकधारकांच्या संघटनांनी कायद्याला आव्हान दिले. केंद्रीय जिल्हा न्यायाधीश विल्यम स्क्रेटनी यांनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी बहुतेक कायदा वैध ठरवला, परंतु ही तरतूद अनाकलनीय असल्याचे सांगून ती रद्द केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हा भाग फिरवला. आजूबाजूचे शब्द पाहता सामान्य बुद्धीच्या माणसाला अर्थ कळतो, असे त्या न्यायालयाचे मत पडले. पोलादाच्या एका तुकड्याच्या नावावरून पावणेदोन वर्षे कायदेशीर लढाई चालली. मूळ घटनेतील मुलांच्या मृत्यूशी त्या तुकड्याचा संबंध काय, हा प्रश्न मात्र त्या लढाईत कोठेच नव्हता.

कानांचे रक्षण की गुन्ह्याची सोय

सायलेन्सरचा वाद याहून गंभीर आहे, कारण तेथे दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट मिळवले. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांचे ते चिरंजीव. वडिलांनी बंदुकीचा वेग वाढवला, मुलाने तिचा आवाज कमी केला. मोटारीच्या धुराड्याचा आवाज शमवणाऱ्या यंत्रावरही त्यांनी काम केले आणि दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे.

चित्रपटांमुळे सायलेन्सर लावलेली बंदूक कुजबुजते असा समज पसरला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. रायफलीचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो आणि १४० डेसिबलचा एकच आघात कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सर त्यात साधारण २० ते ३५ डेसिबलची घट करतो. म्हणजे आवाज उरतोच, पण इजेची शक्यता बरीच कमी होते. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतील कडकडाट सायलेन्सरने थांबत नाही. फिनलंड आणि नॉर्वे येथे शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून तो वापरणे तेथे सभ्यपणाचे मानले जाते. परंतु या देशांत बंदूक बाळगण्यासाठीच आधी परवाना घ्यावा लागतो, ही गोष्ट अमेरिकेतील समर्थक फारशी सांगत नाहीत.

विरोधकांचा मुद्दा साधा आहे. गोळीबार कोठून होतो आहे हे लोकांना आणि पोलिसांना जितके उशिरा कळेल, तितके बळी वाढतील. व्हर्जिनिया बीच येथील महापालिकेच्या इमारतीत ३१ मे २०१९ रोजी झालेल्या हल्ल्यात १२ जण मरण पावले. हल्लेखोराच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. न्यूयॉर्कमध्ये ४ डिसेंबर २०२४ रोजी युनायटेड हेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली, तेव्हाही सायलेन्सर वापरल्याचे पोलिसांनी सांगितले. एकूण गुन्ह्यांच्या तुलनेत नोंदणीकृत सायलेन्सरचा गुन्ह्यांतील वापर विरळ आहे. समर्थक याचा अर्थ सायलेन्सर निरुपद्रवी आहे असा लावतात. विरोधक म्हणतात की नोंदणी कडक आहे म्हणूनच वापर विरळ आहे. एकाच वस्तुस्थितीतून निघणारे हे दोन विरुद्ध निष्कर्ष आजच्या वादाचे केंद्र आहेत.

कर गेला, नोंद राहिली

सायलेन्सर १९३४ च्या कायद्यातून वगळण्याचे विधेयक अमेरिकी संसदेत २०१५ पासून वेगवेगळ्या रूपांत येत राहिले. २०१७ मध्ये ते पुढे सरकण्याची चिन्हे होती. परंतु १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये संगीताच्या कार्यक्रमावर झालेल्या भीषण गोळीबारानंतर ते बाजूला पडले. २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या करविषयक महाविधेयकात हा विषय पुन्हा आला. प्रतिनिधिगृहाने मे महिन्यात संमत केलेल्या मसुद्यात सायलेन्सर जुन्या कायद्यातून पूर्णपणे वगळण्याची तरतूद होती. सिनेटमध्ये मात्र अर्थविषयक विधेयकांची साध्या बहुमताची सवलत हवी असेल, तर तरतूद मुख्यतः जमाखर्चाशी निगडित असावी लागते. नोंदणी रद्द करणे या कसोटीला उतरत नाही, असे मत सिनेटच्या संसदीय अधिकाऱ्याने जूनच्या अखेरीस दिले. तेव्हा नोंदणी ठेवून कर तेवढा शून्य करण्याचा मार्ग काढण्यात आला आणि ४ जुलै २०२५ रोजी विधेयकाचा कायदा झाला. मशीनगन आणि स्फोटक अस्त्रांवरील २०० डॉलरचा कर मात्र कायम आहे.

येथे १९३४ च्या रचनाकारांची जुनी युक्ती त्यांच्यावरच उलटली. बंदुकांवर थेट बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला आहे की नाही याबद्दल तेव्हा शंका होती, म्हणून कायदा कराच्या रूपात आणला गेला. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोन्झिन्स्की खटल्यात तो कर म्हणूनच वैध ठरवला. आता बंदूकधारकांच्या संघटना आणि उत्पादक विचारतात, करच नाही तर कर वसूल करण्यासाठी ठेवलेली नोंदवही कशाच्या आधारावर? २०२५ च्या उन्हाळ्यात याच युक्तिवादावर खटले दाखल झाले. केंद्राला आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार आहे आणि नोंदणी त्याखाली टिकू शकते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे.

या खटल्यांचा निकाल काहीही लागो, त्यांत पणाला लागलेली वस्तू २०० डॉलर नाहीत. ती आहे नोंदवही. अमेरिकेत सामान्य बंदुकांची केंद्रीय नोंद ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. कोणते शस्त्र कोणाकडे आहे हे केंद्राला निश्चितपणे सांगता येते, असा १९३४ चा कायदा हा जवळजवळ एकमेव अपवाद आहे. महागाईने २०० डॉलरची धार केव्हाच बोथट केली होती. ठसे, तपासणी आणि नोंद हीच या कायद्याची उरलेली शक्ती होती आणि आज आव्हान तिलाच आहे.

कोणता भाग खरोखर धोक्याचा

याचा अर्थ सुट्या भागांकडे दुर्लक्ष करावे असा होत नाही. काही भाग शस्त्राचा स्वभावच बदलतात. लास व्हेगासच्या हल्लेखोराने बम्प स्टॉक नावाचा दस्ता वापरून अर्धस्वयंचलित रायफलीतून मशीनगनच्या गतीने गोळ्या झाडल्या. सरकारने पुढे या दस्त्याला मशीनगन ठरवले, परंतु १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय रद्द केला. कायद्याची व्याख्या चापाच्या यांत्रिक क्रियेवर आधारलेली आहे, परिणामावर नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. उलट, घरी जोडून बंदूक तयार करता येईल अशा सुट्या भागांच्या संचांवरील नियम त्याच न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला. बोटाच्या पेराएवढी कळ बसवून पिस्तुलाची मशीनगन करण्याचा प्रकारही अमेरिकी शहरांत पोलिसांची डोकेदुखी ठरला आहे आणि तेथे ती कळच कायद्याने मशीनगन मानली जाते.

ज्वालारोधक, बम्प स्टॉक आणि ही कळ हे तिन्ही घरी बसवता येणारे लहान भाग आहेत. पहिल्याने शस्त्राच्या मारक शक्तीत फरक पडत नाही, तरीही त्यावर सर्वाधिक याद्या आणि खटले खर्ची पडले. उरलेल्या दोघांनी मिनिटाला सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या कैक पटींनी वाढते. दिसण्यावर आधारलेला कायदा आणि परिणामावर आधारलेला कायदा यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

भारतीय कायद्याची वेगळी वाट

भारतात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीची व्याख्याच अशी आहे की, गोळीबाराचा आवाज वा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेले उपकरणही तिच्यात समाविष्ट होते. म्हणजे सायलेन्सर आणि ज्वालारोधक हे आपल्याकडे बंदुकीचे सामान नसून कायद्याच्या नजरेत बंदूकच आहेत. शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रांच्या व्याख्येत येतात. परवान्याशिवाय शस्त्र बनवणे वा दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणे कलम ५ खाली, तर परवान्याशिवाय नळी आखूड करणे कलम ६ खाली निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांना किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आहे. एखाद्या परवानाधारकाने परदेशातील चित्रफीत पाहून घरी ज्वालारोधक बसवला, तर तो छंद न राहता गंभीर गुन्हा होऊ शकतो, हे म्हणूनच लक्षात ठेवले पाहिजे.

नेमबाजीच्या खेळातही हाच संयम आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफल प्रकारांत मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर वापरता येत नाहीत. धक्का सहन करणे हा तेथे कौशल्याचाच भाग समजला जातो.

परंतु आपली व्याख्या चोख आहे म्हणून समाधान मानता येत नाही. बिहारमधील मुंगेर आणि जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतचे मध्य प्रदेशातील उमर्टी ही गावे गावठी पिस्तुलांच्या निर्मितीसाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदींत आहेत. तेथे नळीची लांबी कोणी मोजत नाही आणि परवाना कोणी विचारत नाही. कायद्याची सर्व काटेकोर वाक्ये परवानाधारकाला लागू पडतात. कट्टा विकत घेणारा त्या वाक्यांच्या बाहेरच उभा असतो. अमेरिकेत शस्त्रे कायदेशीर आहेत पण नोंद विरळ, आपल्याकडे नोंद कडक आहे पण बेकायदा शस्त्रे तिच्याबाहेर. कोणते शस्त्र कोणाच्या हाती आहे हे सांगता न येणे, ही उणीव मात्र दोन्हीकडे सारखीच.

धडा

नव्वद वर्षांच्या अमेरिकी अनुभवातून निघणारा धडा असा की, यादी जितकी लांब तितकी पळवाटही लांब. पोलादाचा तुकडा बदलला की यादी निरुपयोगी होते आणि नियम पाळू इच्छिणारा नागरिक मोजपट्टीच्या चुकीने अडकतो. गुन्हा करू इच्छिणाऱ्याला ती मोजपट्टी कधीच अडवत नव्हती. त्या तुलनेत शस्त्रधारकाची तपासणी आणि शस्त्राची नोंद ही साधने कंटाळवाणी आहेत, त्यांची राजकीय घोषणा होत नाही. परंतु नळीच्या टोकावर काय बसवले आहे यावर त्यांची उपयुक्तता अवलंबून नसते.

म्हणूनच कर शून्य झाल्यानंतरचे खटले महत्त्वाचे आहेत. न्यायालयांनी नोंदणी टिकवली, तर मोजपट्टीचा जाच कमी होऊन तपासणीचा गाभा शिल्लक राहील. आखूड नळी वा सायलेन्सर हवा असणाऱ्याला आता वेल्डिंगच्या पळवाटेची गरज नाही, अर्ज करून आणि ठसे देऊन तो ते उघडपणे बाळगू शकतो. नोंदणीही गेली, तर १९३४ च्या कायद्याचा या शस्त्रांपुरता उरेल तो फक्त इतिहास. या दोन शक्यतांमधील अंतर सोळा इंचांच्या मोजपट्टीने मोजता येणारे नाही. पुढच्या एखाद्या शाळेत वा कचेरीत गोळीबार होईल, तेव्हा ते शस्त्र कोणाचे होते हे किती वेळात सांगता येते, यावरून ते मोजले जाईल.